बस की मेट्रो? पुण्यातील सार्वजनिक वाहतुकीच्या गुंतवणुकीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कात्रज ते स्वारगेट हा सातारा रस्त्याचा पाच-साडेपाच किलोमीटरचा पट्टा पुण्याचे वाहतूक धोरण समजून घेण्यास पुरेसा आहे. डिसेंबर २००६ मध्ये देशातील पहिल्या बीआरटीचा, म्हणजे बसला राखीव मार्गिका देणाऱ्या जलद बसव्यवस्थेचा, प्रायोगिक मार्ग याच रस्त्यावर सुरू झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच पट्ट्यातील भुयारी मेट्रोला मंजुरी दिली. या अठरा वर्षांत नागरिकांनी, नगरसेवकांनी आणि पत्रकारांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मुख्य उदाहरण पुणे आणि पिंपरी-चिंचवड या जोडशहराचे आहे. इतर शहरांचा उल्लेख गरजेपुरता केला आहे.

शहराने बसमध्ये पैसे घालावेत की मेट्रोमध्ये? थेट उत्तर देता येईल का?

देता येईल. बस आधी आणि सर्वत्र हवी. मेट्रो नंतर आणि मोजक्या मार्गांवर हवी. जेथे बसला स्वतंत्र मार्गिका देऊन, फेऱ्या वाढवून आणि थांबे सुधारूनही प्रवासी मावेनासे होतात, तेथे मेट्रोवाचून गत्यंतर नसते. पुण्यात हा क्रम उलटा लागला. बससेवा पुरेशी होण्याआधीच मेट्रो बांधायला घेतली गेली आणि त्यामुळे आज मेट्रोच्या स्थानकापर्यंत प्रवाशांना आणून सोडणारी बस अनेक भागांत अपुरी पडते. मेट्रो बांधायला नको होती, असा याचा अर्थ नाही. पिंपरी ते स्वारगेट हा मार्ग शहराला हवाच होता. मात्र यापुढचा प्रत्येक रुपया कोठे घालायचा, असा प्रश्न असेल, तर तो बसमध्ये घालावा, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे पुढे येतील.

मेट्रोची क्षमता बसच्या कितीतरी पट असते. मग दोन्हींची तुलना होऊच कशी शकते?

क्षमतेचा आकडा सांगताना बहुतेक वेळा मेट्रोची कमाल क्षमता आणि बसची सध्याची दुरवस्था एकमेकींसमोर ठेवली जाते, आणि तेथेच गणित चुकते. वाहतूक नियोजनात एका दिशेने दर तासाला किती प्रवासी नेता येतात, हे माप वापरतात. पुणे मेट्रोच्या तीन डब्यांच्या गाडीत उभे प्रवासी धरून साडेनऊशेच्या आसपास माणसे मावतात. दर सहा मिनिटांनी गाडी सुटली, तर तासाला दहा गाड्या आणि साधारण साडेनऊ हजार प्रवासी होतात. बारा मीटर लांबीच्या बसमध्ये सत्तर प्रवासी धरले आणि स्वतंत्र मार्गिकेतून मिनिटाला एक बस सोडली, तर तासाला ४,२०० प्रवासी होतात. फरक मोठा आहे. पण सामान्य समजूत असते तसा दहापट किंवा वीसपट नाही. गाड्यांमधील अंतर तीन मिनिटांवर आणले, तर मेट्रोची क्षमता दुप्पट होईल हे खरे आहे. मात्र त्यासाठी जादा गाड्या घ्याव्या लागतील आणि तेवढे प्रवासीही यावे लागतील.

दुसऱ्या टोकाला कोलंबियाची राजधानी बोगोटा आहे. तेथील ट्रान्समिलेनिओ ही बससेवा डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. लांब जोडबस, बंदिस्त स्थानके आणि स्थानकापाशी एका बसला दुसरीच्या पुढे जाता यावे म्हणून ठेवलेली जादा मार्गिका यांच्या बळावर तिने एका दिशेने तासाला ४० हजारांच्या घरात प्रवासी वाहून दाखवले. जगातल्या अनेक मेट्रोंना हा आकडा गाठता आलेला नाही. पण त्याच बोगोटात ही स्थानके गर्दीने फुटू लागली आणि आज तेथे मेट्रोच्या पहिल्या मार्गाचे काम चालू आहे, हेही सांगितले पाहिजे. बसची ताकद आपण समजतो त्याहून पुष्कळ अधिक असते, तरी ती अमर्याद नसते.

खर्चातील फरक नेमका किती आहे?

पुणे मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गांची मंजूर किंमत ११,४२० कोटी रुपये आणि मंजूर लांबी सुमारे ३१ किलोमीटर होती. म्हणजे प्रतिकिलोमीटर ३६५ कोटी रुपयांच्या आसपास. यात बहुतेक मार्ग उन्नत असून शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही पाचच स्थानके भुयारी आहेत. मार्ग पूर्णपणे जमिनीखालून न्यायचा ठरला, की आकडे बदलतात. स्वारगेट–कात्रज हा ५.४६ किलोमीटरचा भुयारी विस्तार २,९५४ कोटी रुपयांना मंजूर झाला, म्हणजे किलोमीटरला ५४० कोटी. मुंबईच्या ३३.५ किलोमीटर लांबीच्या मेट्रो-३ ची किंमत तर २३,१३६ कोटींवरून वाढत ३७ हजार कोटींच्या पुढे गेली. तेथे एका किलोमीटरला १,१०० कोटी रुपये पडले.

बसचा हिशेब निराळ्या पद्धतीने करावा लागतो, कारण बस विकत घेणे त्या मानाने स्वस्त असते आणि चालवणे महाग. समजा, एक बस दिवसाला २०० किलोमीटर धावते आणि चालक, वाहक, इंधन, दुरुस्ती व ठेकेदाराचे देणे धरून किलोमीटरला १०० रुपये खर्च येतो. मग एका बसचा वर्षाचा खर्च ७३ लाख आणि हजार बसचा ७३० कोटी रुपये होतो. तिकिटांतून निम्मे पैसे परत आले, तर तूट ३६५ कोटींची राहते. गृहीतके येथे सोयीसाठी ठोकळ धरली आहेत, पण प्रमाण लक्षात यावे: एक किलोमीटर मेट्रोच्या किमतीत हजार जादा बस एक वर्ष चालवता येतात.

या हिशेबाला एक दुसरी बाजू आहे. बस दहा-बारा वर्षांत भंगारात जाते. मेट्रोचा डबा तीस वर्षे धावतो आणि खांब, पूल व भुयार त्याहून कितीतरी अधिक काळ टिकतात. शिवाय मेट्रो हलवता येत नाही, म्हणूनच तिच्याभोवती जमिनीचे मोल वाढते. पुण्यात मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या परिघात चारपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक (म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या चौपटीपर्यंत बांधकाम) देण्याची तरतूद आहे, आणि एप्रिल २०२२ पासून मालमत्तेच्या व्यवहारांवर एक टक्का मेट्रो अधिभार वसूल केला जातो. बसमार्ग उद्या बदलू शकतो, या भीतीने त्याच्या भरवशावर कोणी इमारत उभी करत नाही. त्यामुळे पन्नास वर्षांचा विचार करताना मेट्रोचे पारडे बरेच जड होते. प्रश्न इतकाच, की हा लाभ गर्दीच्या मोजक्या मार्गांवर मिळतो आणि कर्जाचा हप्ता मात्र सगळ्या शहराच्या नावावर पडतो.

पीएमपी सतत तोट्यात असते. तोट्यातील सेवेत आणखी पैसे का ओतायचे?

पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजे आपली पीएमपी, २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी यांच्या विलीनीकरणातून उभी राहिली. तिच्या संचलन तुटीचा ६० टक्के भार पुणे महापालिका आणि ४० टक्के भार पिंपरी-चिंचवड महापालिका उचलते. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी या तुटीचा आकडा वर्तमानपत्रांत ठळकपणे छापून येतो आणि पीएमपी म्हणजे पांढरा हत्ती, अशी चर्चा होते. याच शहरातले उड्डाणपूल, रस्ते आणि पदपथ यांतून महापालिकेला एक रुपयाही परत मिळत नाही. तरीही रस्ते खाते ‘तोट्यात’ असल्याचे कोणी म्हणत नाही.

मेट्रोच्या तुटीची चर्चा होत नाही, याचे कारण ती तूट नसते असे नव्हे. मेट्रोचा भांडवली खर्च अनुदान, समभाग आणि दीर्घ मुदतीचे कर्ज या रूपांत वेगळ्या खात्यावर जातो. युरोपीय गुंतवणूक बँक आणि फ्रान्सची विकास संस्था यांनी पुणे मेट्रोला कर्ज दिले आहे. ते तिकिटांच्या पैशातून फिटले नाही, तर शेवटी सार्वजनिक तिजोरीतूनच फेडले जाणार. बसच्या बाबतीत सर्व खर्च दरवर्षी डोळ्यांसमोर येतो, आणि म्हणून बसच तेवढी खर्चिक भासते.

दैनंदिन प्रवासी पाहिले तर पीएमपी सुमारे दहा लाख लोकांना नेते, आणि मेट्रोची संख्या २०२४-२५ मध्ये दीड-दोन लाखांच्या घरात होती. मेट्रोचे जाळे अजून अपुरे आहे, त्यामुळे हा फरक पुढे कमी होईल; पण आज शहर कोणाच्या जोरावर चालले आहे, हे यावरून दिसते. १ जून २०२५ पासून पीएमपीचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले. धुणीभांडी करणाऱ्या, पहारेकऱ्याची नोकरी करणाऱ्या आणि महाविद्यालयात जाणाऱ्या प्रवाशांवर या वाढीचा जो परिणाम होतो, तो तुटीच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

पुण्यात बीआरटी झाली आणि फसली. पुन्हा तोच प्रयोग कशाला?

या प्रश्नाला थोडे विस्ताराने उत्तर द्यावे लागेल, कारण फसले नेमके काय, याविषयीच गैरसमज आहेत.

२००६ च्या कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बससाठी रस्त्याच्या मध्यभागी मार्गिका आखली गेली. पण बीआरटी म्हणजे नुसती आखलेली मार्गिका नव्हे. बसचा तळ आणि स्थानकाचा फलाट एका पातळीत असणे, बसमध्ये चढण्यापूर्वी तिकीट निघणे, चौकात बसला प्राधान्य मिळणे आणि पादचाऱ्यांना रस्त्याच्या मध्यापर्यंत सुरक्षितपणे पोहोचता येणे, ही या व्यवस्थेची अंगे आहेत. त्यांतले बहुतेक काही या मार्गावर नव्हते. मार्गिका सलग नव्हती. जेथे कोंडी सर्वाधिक असते, त्या चौकांजवळच ती तुटत होती. त्यामुळे दोन चौकांच्या मध्ये वाचलेला वेळ पुढच्या चौकात वाया जात होता. मार्गिका एकेरी असल्यामुळे आत एक बस बंद पडली, की मागच्या सगळ्या बस अडकून पडत. दुचाक्या आणि मोटारी आत शिरत, आणि त्यांना अडवण्याचे काम शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या एकट्या वॉर्डनवर सोपवलेले असे. थांबा रस्त्याच्या मध्ये आणि घर कडेला, म्हणून प्रवाशांना धावत्या वाहनांतून वाट काढावी लागे.

यावरून काही धडा घेतला गेला, हेही खरे आहे. २०१५ मध्ये ‘रेनबो’ या नावाने संगमवाडी–विश्रांतवाडी आणि औंध–रावेत हे मार्ग सुरू झाले, तेव्हा बंदिस्त स्थानके, आपोआप उघडणारी दारे आणि फलाटाच्या पातळीवर उघडणाऱ्या बस तेथे होत्या. २०१६ मध्ये नगर रस्त्यावरही ही व्यवस्था आली. पुढे नगर रस्त्यावरची बीआरटी कोंडीचे कारण ठरवून काढण्यात आली. पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र नाशिक फाटा–वाकड आणि निगडी–दापोडी यांसारख्या मार्गांवर ती टिकली. फरक कशामुळे पडला? पिंपरी-चिंचवडचे रस्ते मुळात रुंद आहेत, तेथे बसला जागा देताना मोटारचालकाच्या हातून काही काढून घेतल्यासारखे झाले नाही. पुण्यात मात्र अरुंद रस्त्यावर जागा कोणाची, हा प्रश्न उभा राहिला आणि तो राजकीयदृष्ट्या मोटार आणि दुचाकीच्या बाजूने सुटला. दिल्लीतही हेच झाले. २००८ मध्ये सुरू झालेली आंबेडकरनगर–मूलचंद मार्गिका २०१६ मध्ये उखडण्यात आली. त्याउलट अहमदाबादेत २००९ मध्ये सुरू झालेल्या जनमार्गच्या मार्गिका शहराने पुढेही वाढवत नेल्या.

तेव्हा पुण्यात फसला तो रस्त्यावरची जागा बसला देण्याचा निर्धार. मेट्रो महाग असूनही राजकीयदृष्ट्या सोपी का वाटते, याचेही उत्तर यातच आहे: मेट्रो डोक्यावरून किंवा पायाखालून जाते आणि मोटारीची जागा कायम राहते. हा निर्णय कोणाला दुखवत नाही. त्याची किंमत मात्र किलोमीटरला शेकडो कोटींनी मोजावी लागते.

मग कात्रजपर्यंत मेट्रो नेणे चूक आहे का?

नाही. स्वारगेटला एसटीचे मोठे स्थानक, पीएमपीचे आगार आणि सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो स्थानक आहे. कात्रजला सातारा रस्त्यावरून येणारी सगळी वर्दळ शहरात शिरते, आणि मधल्या धनकवडी, बालाजीनगर, बिबवेवाडी या वस्त्या दाट आहेत. मेट्रो असावी तर अशाच पट्ट्यात असावी. हरकत क्रमाला आहे. याच रस्त्यावर २००६ पासून बस नीट चालवली असती, तर मेट्रोची गरज किती, कोठे आणि केव्हा, हे अंदाजांऐवजी प्रत्यक्ष प्रवासी मोजून ठरवता आले असते. भुयार खोदून गाडी धावेपर्यंत काही वर्षे जातील, आणि त्या काळात या वस्त्यांतल्या माणसांना बसच न्यावी लागणार आहे.

मेट्रो आल्यावर रस्त्यावरील कोंडी कमी होते का?

फारशी नाही, आणि बसमुळेही होत नाही. काही लोक वाहन घरी ठेवून मेट्रोने जाऊ लागले, की मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी वाहने येतात. सार्वजनिक वाहतुकीचा लाभ असा, की कोंडीत न अडकता जाण्याचा पर्याय लोकांना मिळतो. कोंडी कमी करायची असेल, तर वाहन उभे करण्याचे दर वाढवावे लागतात आणि रस्त्यावरील फुकट पार्किंग आटोक्यात आणावे लागते. पुण्यात पार्किंगच्या धोरणाचा विषय निघाला, की काय होते, हे वाचकांना ठाऊक आहे.

मेट्रो परवडत नसेल, तर मोनोरेल, मेट्रो निओ असे मधले मार्ग का नकोत?

मधल्या मार्गांचा महाराष्ट्रातला अनुभव उत्साह वाढवणारा नाही. मुंबईची मोनोरेल फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर–वडाळा मार्गावर सुरू झाली आणि मार्च २०१९ मध्ये सात रस्त्यापर्यंत गेली. प्रवासी कमी, सुटे भाग मिळण्यात अडचणी आणि वारंवार बंद पडणाऱ्या गाड्या, अशा अवस्थेत ती चालली. ऑगस्ट २०२५ च्या मुसळधार पावसात गर्दीने भरलेली गाडी उन्नत मार्गावरच अडकली, प्रवाशांना शिडीवरून उतरवावे लागले, आणि सप्टेंबरमध्ये सुधारणांसाठी सेवा थांबवण्यात आली. जगात ज्या तंत्राचा वापर मोजक्याच ठिकाणी होतो, ते घेतले की दुरुस्तीसाठी शहर एकाच पुरवठादाराच्या हाती सापडते, हा यातला व्यावहारिक धोका आहे.

मेट्रो निओ म्हणजे उन्नत मार्गावरून धावणारी, रबरी टायरची, विजेच्या तारेवर चालणारी लांब जोडबस. केंद्राने तिची मानके एका दिशेने तासाला आठ हजार प्रवाशांपर्यंतच्या मार्गांसाठी ठरवली. नाशिकसाठी ती सुचवली गेली आणि फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणाही झाली. त्यानंतर प्रकल्प कागदावरून हलला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये नाशिक महापालिकेने ‘सिटीलिंक’ बससेवा सुरू केली, आणि नाशिककर आज प्रवास करतात ते तिनेच. आठ हजार प्रवाशांची गरज चांगल्या बीआरटीने जमिनीवरच भागते; ती भागवण्यासाठी बसला खांबांवर चढवायचे, तर पुन्हा रस्ता मोटारींसाठी राखण्याचाच तो एक महाग उपाय ठरतो.

मुंबईत तर रेल्वेशिवाय पान हलत नाही. तेथे हा तर्क लागू होतो का?

मुंबई वाढलीच रेल्वेच्या कडेने. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि पुढे उपनगरे लोहमार्गाला धरून वसत गेली. बारा आणि पंधरा डब्यांच्या लोकल दर तीन-चार मिनिटांनी सोडून लाखो माणसे उत्तर-दक्षिण नेण्याचे काम कोणतीही बस करू शकणार नाही. म्हणून मुंबईत रेल्वेवर खर्च करणे योग्यच आहे. २०१४ मध्ये सुरू झालेला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर हा ११.४ किलोमीटरचा मेट्रो मार्ग भरून वाहतो, कारण तो पश्चिम आणि मध्य रेल्वे यांना आडवा जोडतो.

तरीही मुंबईकडून शिकण्यासारखी गोष्ट बेस्टची आहे. १९२६ पासून बस चालवणाऱ्या या उपक्रमाचा तोटा अनेक वर्षे त्याच्याच विजेच्या व्यवसायातील नफ्यातून भरून निघत असे. तो आधार सुटत गेला, आणि चार हजारांहून अधिक असलेला ताफा तीन हजारांच्या खाली आला. त्यातही स्वतःच्या बस थोड्या आणि भाडेतत्त्वावरील अधिक. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपये केल्यावर प्रवासी परतले. पण थांब्यावर बसच वेळेवर येत नसेल, तर स्वस्त तिकीट किती काळ पुरणार? मे २०२५ मध्ये ते १० रुपये झाले. ज्या काळात या शहराने मेट्रोवर हजारो कोटी रुपये खर्च केले, त्याच काळात लोकल आणि मेट्रोच्या स्थानकांबाहेरची बस विरळ होत गेली.

केंद्र आणि राज्य मेट्रोला पैसे देतात, बसला देत नाहीत. मग शहराने आलेले पैसे नाकारावेत का?

नाकारू नयेत, पण त्यांची किंमत ओळखावी. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य यांचा वाटा प्रत्येकी २० टक्के, दोन्ही महापालिकांचा १० टक्के आणि उरलेला निम्मा भाग कर्जाचा होता. अशी रचना समोर असताना महापालिकेला मेट्रो स्वस्त दिसणे स्वाभाविक आहे. बसची तूट मात्र तिला जवळजवळ एकटीने, दरवर्षी, स्वतःच्या करांतून भरावी लागते. पैशाची ही वाटच निर्णय ठरवते, मग अहवालात काहीही लिहिलेले असो.

२०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणाने बीआरटी, हलकी रेल्वे आणि ट्राम या पर्यायांची तुलना केल्याशिवाय मेट्रोचा प्रस्ताव पाठवू नये, असे बंधन घातले आहे. अट चांगली आहे. परंतु निष्कर्ष आधी ठरवून तुलना मागाहून लिहिता येते, हे सरकारी कागद वाचणाऱ्या कोणालाही सांगायला नको. अलीकडे केंद्राचे धोरण थोडे बदलले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत मध्यम आकाराच्या शहरांसाठी दहा हजार विद्युत बसना दहा वर्षांच्या संचलनासाठी साहाय्य देण्याचे ठरले, आणि पुढच्या वर्षीच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत पुण्यासारख्या मोठ्या शहरांचाही विचार झाला. बस चालवण्यासाठी, केवळ विकत घेण्यासाठी नव्हे, केंद्राकडून पैसे मिळणे हा महत्त्वाचा बदल आहे.

विजेवरच्या बस आल्यामुळे तुलना बदलते का?

प्रदूषणापुरती बदलते. पीएमपीने २०१९ पासून विद्युत बस चालवायला घेतल्या आहेत, आणि धूर व आवाज या बाबतीत मेट्रोचा जो वरचष्मा होता, तो बराच कमी झाला आहे. कोंडीत अडकणारी बस मात्र विजेवर चालली तरी अडकतेच.

मेट्रो स्थानक घरापासून दोन किलोमीटरवर आहे. तेथपर्यंत कसे जायचे?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि त्याचे समाधानकारक उत्तर देता येत नाही. वनाज–रामवाडी किंवा पिंपरी–स्वारगेट मार्गालगत राहणाऱ्यांना मेट्रो सोयीची आहे. पण कोथरूडच्या आतल्या भागात, धानोरीत किंवा मोशीत राहणाऱ्याला स्थानकावर पोहोचण्यासाठी रिक्षाला द्यावे लागणारे पैसे मेट्रोच्या तिकिटाहून अधिक होतात. मेट्रोचे कमाल तिकीट ३५ रुपये आहे. दोन किलोमीटरचे रिक्षाभाडेच त्याच्या आसपास जाते. अशा वेळी माणूस दुचाकीला किल्ली लावतो आणि ती थेट कार्यालयापर्यंतच नेतो.

उपाय ठाऊक आहेत. स्थानकाच्या दारातून दर दहा मिनिटांनी सुटणारी छोटी बस, मेट्रो आणि पीएमपीला मिळून चालणारे एकच तिकीट, आणि स्थानकापर्यंत सलग, अतिक्रमण नसलेला पदपथ. मेट्रो एका कंपनीकडे, बस दुसऱ्या महामंडळाकडे, हिंजवडी–शिवाजीनगर मार्ग तिसऱ्या प्राधिकरणाच्या भागीदारी प्रकल्पात आणि पदपथ महापालिकेकडे, अशी विभागणी असल्यामुळे हे काम कोणाचे, हे ठरत नाही. सगळ्यांवर अधिकार चालवू शकेल असे एकत्रित महानगर परिवहन प्राधिकरण असावे, हे मेट्रो धोरणातही लिहिलेले आहे. अधिकार आणि पैसा हाती नसलेली समिती मात्र बैठकांपलीकडे जाऊ शकत नाही.

कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर यांनी मेट्रोची मागणी करावी का?

नजीकच्या काळात नको. केंद्रीय मापदंडानुसार चांगल्या सेवेसाठी लाख लोकसंख्येमागे साठ बस हव्यात. दहा लाखांच्या शहरात याचा अर्थ सहाशे बस, आणि आपल्या मध्यम शहरांचे ताफे याच्या जवळपासही नाहीत. साठ-सत्तर लाख लोकांसाठी दोन हजारांच्या आसपास बस असलेले पुणेही यात मागेच आहे. नागपूरला मेट्रो मिळाली, मग आम्हाला का नाही, ही भावना समजण्यासारखी आहे. पण पाचशे बस मागणाऱ्या लोकप्रतिनिधीचे नाव कोनशिलेवर येत नाही, हे यातले खरे दुखणे आहे.

मेट्रोचे काम चालू असताना त्या रस्त्यावरच्या बसचे काय करावे?

बांधकामाच्या काळात रस्ता अरुंद होतो आणि सहसा पहिला बळी बसचा जातो: थांबे हलवले जातात, मार्ग वळवले जातात, फेऱ्या कमी होतात. गणेशखिंड रस्त्यावर २०२० मध्ये विद्यापीठ चौकातील पूल पाडल्यापासून प्रवाशांनी हे अनुभवले आहे. या काळात दुचाकीकडे गेलेला प्रवासी मेट्रो सुरू झाल्यावर आपोआप परत येईल, असे धरून चालता येत नाही. म्हणून बांधकामाच्या कंत्राटातच उरलेल्या रस्त्यावर बससाठी राखीव जागा, तात्पुरत्या थांब्यांवर छत व दिवे, आणि जादा फेऱ्यांचा खर्च प्रकल्पाच्या खात्यातून, या तीन अटी असाव्यात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या खराडी–हडपसर–स्वारगेट–खडकवासला आणि नळस्टॉप–वारजे–माणिकबाग या मार्गांचा खर्च ९,८५७ कोटी रुपये धरला आहे. त्यातला एक टक्का, म्हणजे जवळपास शंभर कोटी रुपये, काम चालू असतानाच्या बससाठी राखून ठेवले, तर वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे या रस्त्यांवर पन्नास-साठ जादा बस पाच वर्षे चालवता येतात, त्यांच्या तिकिटांचे पैसे धरून. कंत्राटात ही तरतूद नंतर घालता येत नाही. ती निविदा निघण्यापूर्वीच मागावी लागते.